संदुकीचा लाल दोरा

किरगिझस्तानातल्या नारीन गावच्या नाट्यगृहात कपडेपटाची खोली तळमजल्यावर अगदी टोकाला आहे. तिला एकच खिडकी, नदीकडे उघडणारी. त्या खिडकीखाली कालिपा चौतीस वर्षे बसली. गळ्यात कात्री, तोंडात दोन टाचण्या आणि कान वर चाललेल्या तालमीकडे. नट जिना उतरून आला की त्याच्या पावलांवरून तिला कळायचे, याचा पट्टा आता एक भोक सैल करावा लागणार. मापाची टेप तिच्याकडे होती, पण ती भिंतीवरच लटकलेली असे.

रंगमंचावर ती कधी उभी राहिली नाही. तरीही आमच्या गावात ज्याने कोणी राजा, मेंढपाळ किंवा नवरदेव म्हणून टाळ्या घेतल्या, त्याच्या पाठीवरून शेवटचा हात कालिपाचाच फिरलेला असायचा. विंगेत ती कॉलर नीट करायची, खांद्यावर एक हलकी थाप मारायची, आणि नट प्रकाशात जायचा. ती थाप ज्यांच्या खांद्यावर पडली आहे, त्यांना ती अजून आठवते.

अशा या बाईने सत्तावन्नाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकायला घेतले, त्याला कारण झाला आमचा जुना नट कुबात-अके.

कुबात तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. गुडघे गेले होते, आवाज मात्र तसाच, दरीत हाक मारली तर पलीकडचा घोडा मान वळवेल असा. त्या जूनमध्ये तो शेवटची भूमिका करणार होता, एका म्हाताऱ्या घोडेपाळाची. तिसऱ्या अंकाच्या शेवटी त्याला नऊ मिनिटांचे स्वगत होते. नेमका त्याच वेळी गावात नाट्यमहोत्सव भरणार होता आणि दूरदूरच्या देशांतून रंगकर्मी येणार होते. त्यांना किरगिझ येत नाही, रशियन कळते. म्हणून आयोजकांनी कळवले होते की नाटक चालू असताना रंगमंचाच्या वर पडद्यावर प्रत्येक वाक्याचा रशियन अनुवाद दिसला पाहिजे.

अनुवाद लिहून तयार होता, पण तो पडद्यावर दाखवायला ठरवलेला माणूस बिश्केकहून येतो येतो म्हणाला आणि मग त्याचा फोनच लागेना. फेब्रुवारीत दिग्दर्शक ओमुरकुलने सगळ्यांना बोलावून विचारले, कोणाला कॉम्प्युटरमधले काही कळते का. सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. कोपऱ्यात हूक शिवत बसलेली कालिपा म्हणाली, मी करते.

हशा पिकला. ओमुरकुलसुद्धा हसला.

"एजे, याला सुई लागत नाही," तो म्हणाला. एजे म्हणजे ताई, सगळे तिला तशीच हाक मारायचे.

"माहीत आहे. पण मग पाहुणे नऊ मिनिटं कुबात-अकेची दाढी बघत बसणार का?"

ओमुरकुलने ते काम तिच्याकडे दिले. कुबातने आयुष्यभर या एका गावात काम केले. डोलोन घाटापलीकडे त्याला फारसे कोणी ऐकले नव्हते. कालिपाने त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. वरच्या गॅलरीत उभी राहून तिने त्याची पहिली मोठी भूमिका पाहिली आणि घरी जाऊन आईला सांगितले की मी त्या इमारतीत काम करणार, झाडू मारायला ठेवले तरी चालेल. एवढ्या जुन्या ऋणापुढे कॉम्प्युटर म्हणजे काय मोठी गोष्ट, असे तिला वाटले. आपण कशात हात घातला आहे याची तिला अजिबात कल्पना नव्हती, हेही तितकेच खरे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मीरगुल नावाची पस्तिशीची बाई दुपारी वर्ग घ्यायची. बिश्केकमध्ये दहा वर्षे नोकरी करून ती आईजवळ राहायला परत आली होती. वर्गात पाच कॉलेजच्या मुली आणि सहावी कालिपा. पहिले तीन आठवडे ती रोज चुकली. स्वल्पविराम राहिला, कंस उघडा राहिला. मुली मदत करायला सरसावल्या की ती त्यांचे हात बाजूला सारायची. उसवायचे असेल तर मीच उसवीन, म्हणायची.

मग एका दुपारी मेमरीचा धडा आला.

मीरगुलने समजावले की प्रोग्राम चालताना सतत नवनव्या वस्तू तयार करतो. आकडे, शब्द, चित्रे. प्रत्येकीला मेमरीत जागा लागते. जागा तर मोजकीच. काही भाषांमध्ये वापर संपलेली प्रत्येक वस्तू आपल्या हाताने काढून टाकावी लागते. विसरलात तर अडगळ साचते, आणि घाई केलीत तर कामाची वस्तूच फेकली जाते. पण आपण शिकतो आहोत त्या भाषेत एक झाडूवाला आहे. तो मधूनमधून येतो, काय लागते आहे ते बघतो आणि उरलेले झाडून नेतो. ती जागा नव्या वस्तूंना मिळते.

"काय लागतंय ते त्याला कसं कळतं?" एका मुलीने विचारले.

मीरगुलने सांगितले की तो आधी चालू कामापासून सुरुवात करतो. प्रोग्रामच्या हातात या क्षणी जे आहे त्यावर खूण करतो. त्या वस्तूने आणखी कोणाला धरले असेल तर त्यावर खूण, त्याने धरलेल्यावर खूण. असे करत करत टोकापर्यंत जातो. जिथे खूण पोचली नाही ते सगळे जाते.

कालिपाने चष्मा काढला. हे तिला माहीत होते. हे ती दरवर्षी करत आली होती.

हंगाम संपला की आमच्या नाट्यगृहात दोऱ्याचा दिवस असतो. कालिपाच्या आधी कपडेपट सांभाळणाऱ्या बुबुसारा-आपाने ती पद्धत घालून दिली. त्या दिवशी कपडेपटात दुसऱ्या कोणाला प्रवेश नाही. कोणी काही न्यायचे नाही, आणायचे नाही. पुढच्या हंगामात होणाऱ्या नाटकांची नावे घ्यायची. नाटकापासून पात्राकडे जायचे, पात्रापासून त्याच्या झग्याकडे, झग्यापासून पट्ट्याकडे, पट्ट्यापासून बक्कलाकडे. जिथे जिथे पोचाल तिथे लाल दोरा बांधायचा. शेवटी ज्याला दोरा नाही तो कपडा उसवायचा. गुंड्या वेगळ्या, अस्तर वेगळे, कापड वेगळे. त्यातून नवे कपडे उभे राहायचे. कपडा चांगला आहे की जुना, आवडता आहे की नावडता, हे विचारायचेच नाही. दोरा पोचला का, एवढेच.

मीरगुलने फळ्यावर दोन चौकोन काढले. पहिल्यापासून दुसऱ्याकडे बाण, दुसऱ्यापासून पहिल्याकडे बाण. बाकी कोणाचाही बाण त्यांच्याकडे येत नाही. हे दोघे झाडले जातील का, तिने विचारले. मुली म्हणाल्या, नाही, दोघांनाही कोणीतरी धरलेले आहे.

"जातील," कालिपा म्हणाली. "ते नवरा-नवरी आहेत."

सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या.

"आमच्याकडे एक लग्नाचा जोड होता. नवरीच्या झग्यावर चिठ्ठी, नवरदेवाच्या कोटासोबत ठेवा. कोटावर चिठ्ठी, नवरीच्या झग्यासोबत ठेवा. ते नाटक बंद होऊन सात वर्षं झाली होती. एकमेकांना धरून बसले होते बिचारे, पण त्यांना कोणी बोलावत नव्हतं. दोरा त्यांच्यापर्यंत आलाच नाही. मी दोघांना उसवलं. चार छोट्यांचे सदरे झाले."

मीरगुलने खडू खाली ठेवला. "एजे, हे समजायला मला विद्यापीठात अख्खं वर्ष लागलं होतं."

"तुमच्याकडे कपडे नसतील," कालिपा म्हणाली.

त्या दिवसापासून मुली तिच्याशेजारची खुर्ची पकडायला लवकर येऊ लागल्या.

मेअखेर कालिपाचा प्रोग्राम तयार झाला. नुसते पांढरे अक्षर पडद्यावर टाकणे तिच्याच्याने झाले नाही. नुसत्या बंडीत नटाला रंगमंचावर पाठवल्यासारखे वाटायचे तिला. म्हणून तिने प्रत्येक वाक्याचे एक मोठे चित्र केले. गडद पार्श्वभूमी, भोवती आमच्या लोकरीच्या नमद्यांवर असते तशी शिंगांची नक्षी आणि मध्ये ठळक अक्षरे. एकूण नऊशे चाळीस वाक्ये. बटण दाबले की पुढचे वाक्य. दाखवून झालेले चित्र ती प्रोग्राममधल्या एका यादीत ठेवायची. त्या यादीला तिने नाव दिले होते संदूक. काम झालेला कपडा जमिनीवर टाकत नाहीत, संदुकीत ठेवतात. दिग्दर्शक म्हणाला मागचे वाक्य पुन्हा दाखव, तर हाताशी असावे.

तालमीत पहिला अंक झकास गेला. दुसराही. ज्यांनी फेब्रुवारीत हसून घेतले होते ते मागच्या रांगेत उभे राहून बघत होते. रंगीत तालमीत पहिल्यांदाच तिन्ही अंक सलग झाले, आणि तिसऱ्या अंकात अक्षरे अडखळू लागली. आधी अर्धा क्षण, मग एक, मग तीन. कुबातचे स्वगत सुरू झाले. बाराव्या वाक्यावर पडदा गोठला. कालिपा बटण दाबत राहिली आणि वर तेच वाक्य लटकत राहिले, 'त्या वर्षी बर्फ लवकर पडलं'. खाली कुबात त्या बर्फातून केव्हाच पुढे निघून गेला होता.

ओमुरकुल ओरडला नाही. त्याने शांतपणे सांगितले की गुरुवारी दुपारी बारा वाजता प्रयोग आहे. बुधवारपर्यंत हे दुरुस्त झाले नाही तर अक्षरे रद्द करायची आणि पाहुण्यांना कथासार छापलेला एकेक कागद द्यायचा. तो सोमवार होता.

कुबात अंगावरचा कोट काढून द्यायला खाली आला.

"मी विसरलो तर विंगेतून सांगायला माणूस असतो," तो म्हणाला. "तुझ्या यंत्राला कोण सांगणार, कालिपा?"

"मी."

"बरं. मग मी कशाला काळजी करू." आणि तो कठड्याला धरून एकेक पायरी चढत निघून गेला.

कालिपाने मीरगुलला फोन लावला. मीरगुल बिश्केकच्या गाडीत होती आणि गाडी घाट चढत होती. कालिपाने तक्रारच केली, तुमचा झाडूवाला आळशी आहे, दुसऱ्या अंकानंतर कामावर येतच नाही. मीरगुलने विचारले की शेवटी शेवटी कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरत होता का. हो, केवढा तरी.

"मग तो आळशी नाही एजे, तो दमलाय. जागा संपली म्हणून पुन्हा पुन्हा येतोय, सगळीकडे फिरतोय आणि प्रत्येक वस्तूवर खूण सापडतेय. त्याला उचलण्यासारखं काही मिळतच नाही. तो फिरत असतो तेवढा वेळ बाकीचं काम थांबतं, म्हणून अडखळतं. कोणीतरी सगळं धरून ठेवलंय. तू शोध, कोणी धर..."

घाटात फोन तुटला. मग तो लागलाच नाही.

सगळा मंगळवार कालिपाने दोऱ्याच्या दिवसासारखा काढला. इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि शेजारी दुधाचा चहा, जो नेहमी गार व्हायचा. प्रोग्राममध्ये कोण कोणाला धरते ते ती ओळीओळीने कागदावर मांडत गेली. पडदा चालू चित्राला धरतो, ते बरोबर. बटण पुढच्या ओळीला धरते, बरोबर. झालेले चित्र संदुकीत, बरोबर. संदुकीवरून तिची नजर तीनदा गेली आणि तिन्ही वेळा घसरून पुढे सरकली. कपडे संदुकीत नाही ठेवायचे तर कुठे ठेवायचे?

बुधवारी सकाळी ती कामावर आली तेव्हा हरल्यासारखी झाली होती. निदान हातातले तरी पुरे करावे म्हणून तिने घोडेपाळाचा कोट घेतला. त्याची कॉलर विटली होती. तिथे थोडी मखमल लावली तर दिव्यात उठून दिसेल. मखमल होती एकाच ठिकाणी, कोपऱ्यातल्या मोठ्या संदुकीत. ती उघडायला कालिपा वाकली आणि कडीवर हात ठेवताच थबकली.

कडीला लाल दोरा होता.

तो तिनेच बांधला होता. एकोणीस वर्षांपूर्वी बुबुसारा-आपा निवृत्त झाली आणि दोऱ्याचा दिवस पहिल्यांदा एकट्या कालिपावर आला. त्या वर्षी दोरा न पोचलेल्या कपड्यांमध्ये एक मखमली झगा निघाला. कुबातचा, त्या पहिल्या मोठ्या भूमिकेतला. गॅलरीतून पाहिलेला. त्याला कात्री लावायला तिचा हात धजेना. म्हणून तिने तो संदुकीत टाकला आणि संदुकीच्या कडीलाच दोरा बांधला. दोरा असलेल्या वस्तूच्या आत जे आहे ते सगळे राखायचे, हा नियमच होता. पुढे दरवर्षी जे जे उसववले नाही ते ते तिने तिथे ढकलले. एकोणीस वर्षांत संदूक इतकी गच्च भरली की झाकण गुडघ्याने दाबावे लागे. नव्या नाटकांसाठी मात्र कापड कधी पुरत नसे. दरवर्षी ती ओमुरकुलशी त्यावरून भांडायची.

कालिपा जमिनीवर बसली. मग तिला हसू यायला लागले. शेजारच्या खोलीतला सुतार डोकावून बघून गेला की एजेला काय झाले.

झाडूवाला बिचारा पडद्यापासून निघत होता आणि खुणा करत संदुकीपर्यंत येत होता. संदूक प्रोग्रामच्या हातात, म्हणजे तिला दोरा. आणि तिच्या पोटात दाखवून झालेली आठशे चित्रे, नक्षीसकट. एकालाही तो हात लावू शकत नव्हता. तो आपले काम चोख करत होता. धरून कालिपाच बसली होती.

मागचे वाक्य पुन्हा दाखवायचेच झाले तर चित्र कशाला जपायला हवे? वाक्याची अक्षरे होतीच, ती चिमूटभर जागेत मावतात. त्यांवरून चित्र पुन्हा काढता येत होते. तिने प्रोग्राम उघडला आणि संदुकीत चित्र ठेवणारी ती एक ओळ पुसली. फक्त एक. मग बटणावर बोट ठेवून नऊशे चाळीस वाक्ये पळवली. बाराशे असती तरी पळाली असती. तिने सगळे नाटक तीनदा पळवले. पंखा कुरकुरलासुद्धा नाही. मध्ये एक-दोनदा अक्षर डोळ्याची पापणी लवावी इतके थांबले, कारण झाडूवाला आता खरोखरच काहीतरी उचलून नेत होता. तेही तिला खपले नाही. दोन अंकांच्या मध्ये काळोख असतो आणि सामान हलवणारे अनवाणी फिरत असतात. झाडू मारायची तीच वेळ. त्या दोन काळोखांत त्याला बोलावणाऱ्या दोन ओळी तिने घातल्या.

मग ती उठली, गळ्यातली कात्री हातात घेतली आणि कडीचा लाल दोरा कापला.

मखमली झग्याला वरून कसर लागली होती. पण बगलेत आणि दुमडलेल्या काठात मखमल अजून ओल्या चेरीसारखी होती. पहिले दोन टाके वाकडे उसवले गेले. नंतर ते जमले. दुपारपर्यंत घोडेपाळाच्या कोटाला कॉलर लागली.

गुरुवारी नाट्यगृह भरले. मधल्या दोन रांगांत पाहुणे. कालिपा मागच्या भिंतीशी कॉम्प्युटरसमोर, आणि तिच्यामागे वाचनालयाच्या पाचही मुली. पहिल्या अंकात एक गंमत घडू लागली. विनोद आला की आमची माणसे हसायची, आणि श्वासभर थांबून मधल्या दोन रांगा हसायच्या. एकाच विनोदाला दोन हशे. नटांना ते इतके आवडले की ते दुसऱ्या हशासाठी थांबू लागले.

तिसरा अंक. कुबात प्रकाशात आला. स्वगत सुरू झाले. दहावे वाक्य. अकरावे. 'त्या वर्षी बर्फ लवकर पडलं.' कालिपाने बटण दाबले.

'आणि मी घोड्यांना नावानं हाका मारत चालत राहिलो.'

तेरावे वाक्य वर उमटले, स्वच्छ, नक्षीसकट, आणि त्याच वेळी खाली कुबातच्या तोंडून निघाले. चौदावे, पंधरावे. आता आधी आमची माणसे आणि मागून पाहुणे असे राहिले नव्हते. सगळे नाट्यगृह एकदमच गप्प झाले होते. ताजिकिस्तानातल्या खोरोगहून आलेली एक उंच बाई पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती. नऊ मिनिटे संपली. शेवटचे वाक्य वर उजळले, विझले.

टाळ्या कोणी सुरू केल्या कळले नाही. पाहुणे आधी उभे राहिले, मग सगळे. त्या टाळ्यांनी छतावरची धूळ खाली आली. आमच्या नाट्यगृहाने मोठमोठे दिवस पाहिले आहेत, मात्र धूळ पडल्याचे आठवणारा माणूस विरळाच. ओमुरकुल मागे धावत आला. त्याने एजेचा हात धरला आणि तिला सरळ रंगमंचावर नेले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती दिव्यात उभी राहिली, गळ्यात कात्री तशीच.

कुबात तिच्याकडे वळला. त्याची बोटे कॉलरवर फिरली, एकदा, मग पुन्हा.

"ही मखमल मी ओळखतो," तो टाळ्यांच्या आवाजात तिच्या कानाशी म्हणाला. "बेचाळीस वर्षांपूर्वी यात मला फार उकडायचं."

"आणि आज?"

"आजही."

मग त्याने भरल्या नाट्यगृहासमोर दोन्ही तळहात उघडले. आमच्याकडे वडीलधारे आशीर्वाद देतात तसे कालिपासाठी दोन शब्द पुटपुटला आणि ते हात चेहऱ्यावरून खाली आणले. सगळ्या नाट्यगृहाने आपापल्या चेहऱ्यावरून हात फिरवले. काय म्हटले ते पाहुण्यांना कळणे शक्य नव्हते, त्याचा अनुवाद वर नव्हता. पण हात त्यांनीही फिरवले.

त्या वर्षीचा दोऱ्याचा दिवस दोन दिवस चालला. संदुकीतून इतके कापड निघाले की पुढच्या हंगामातल्या एका संपूर्ण नाटकाचे कपडे त्यातून झाले. पाच मुली उसवायला बसल्या होत्या. नियम मोडून त्यांना आत घेतले होते. संदूक अजून कोपऱ्यात आहे. तिचे झाकण आता एका बोटाने लागते.